वयाचा रकाना

नावोतासच्या मासळीबाजारामागं
बारांगायच्या कचेरीत, वरच्या मजल्यावर,
मी इतिवृत्त लिहिते. अकरा वर्षं झाली.
तुंबलेली गटारं, झुंजीचे कोंबडे,
कुणी कुणाच्या भिंतीला भिंत टेकवली,
सगळं माझ्या अक्षरात आहे.

आज एकच विषय. नाव: रोडनील.
वय:
हा रकाना मी तूर्त रिकामा सोडलाय.

पंधराच्या आत असेल तर समाजकल्याणच्या बाई नेतील.
वर असेल तर कोर्ट.
तिकडं सिनेटमध्ये आकडा खाली ओढायचं चाललंय,
कुणी बारा म्हणतं, कुणी नऊ,
जाळ्याचा आस किती बारीक विणायचा
याची घासाघीस चालावी तसं.

दिओस्दादो, पूर्वीचा हवालदार, उठून बोलला.
चाकू धरणाऱ्या हाताला वय नसतं.
टोळीवाले मुद्दाम लहान पोरं पुढं करतात,
कायदा त्यांना सोडतो हे त्यांना तोंडपाठ आहे.
मी लिहिलं. खरंच होतं ते.

मिस बियालूस म्हणाल्या, मग टोळीवाल्यांना धरा.
बावीस जणांच्या कोठडीत मी तेरा वर्षांचं पोर पाहिलंय,
उभ्यानं झोपणारं.
सुटलं तेव्हा त्याला सगळं येत होतं.
हेही लिहिलं.

पंखा दुरुस्त करायला आलेला लितो
शिडीवरूनच म्हणाला, तुमच्या त्या सुधारगृहात
खाटा चौदा, पोरं एकेचाळीस, कड्या बाहेरून.
माझा पोरगा राहून आला तिथं.
अजून दिवा लावून झोपतो.
तो कुठल्या बाजूनं बोलला ते मला ठरवता आलं नाही.

मग पर्पेतुआ.
बाजारात खारवलेल्या कोळंबीच्या बरण्या विकते.
माझा आन्सेल्मो सतराचा, ती म्हणाली.
पुढच्या वर्षीही सतराचाच.
त्याच्यासाठी कुठलं कलम आहे तेवढं सांगा.
कुणी बोललं नाही.
मी एक ओळ कोरी सोडली.

जन्माचा दाखला नाही.
आई परदेशी बोटीवर कामाला गेली ती गेलीच.
दंतवैद्याचा कागद आहे: चौदा ते सतरा.
तुझं वय काय रे, बाईंनी विचारलं.
चौदा, तो म्हणाला. की सोळा,
आणि कुठलं उत्तर बरोबर ते बघायला
त्यानं त्यांच्याच तोंडाकडं पाहिलं.
खुर्चीच्या फुटक्या कडेचं प्लॅस्टिक तो नखानं सोलत होता.

बाळंतपणाला कोण होतं?

पंखा नेमका तेव्हाच सुरू झाला. कागद उडाले.
मी ते गोळा करत असताना पर्पेतुआ म्हणाली,
मी होते.
पत्रे उडाले होते. विजेरी मी दातात धरली होती.
मासे कापायची सुरी उकळून नाळ कापली.
रडत नव्हता. उलटा धरून पाठीत चापट मारली,
तेव्हा रडला.
एवढं बोलून तिनं त्या वादळाचं नाव घेतलं.

वर्ष नाही. नाव.

आमच्याकडं वादळांना माणसांची नावं असतात
आणि प्रत्येक नावाला त्याचं वर्ष.
टेबलाखाली सगळ्यांची बोटं हलू लागली.
दिओस्दादोची आधी थांबली.
माझा हिशेब पंधराच्या अलीकडं संपला,
फार नाही, सात आठवडे.

समजून सांगताय ना, बाईंनी हळू विचारलं.
मी वादळाचं सांगितलं, ती म्हणाली.
आकडे तुमचे.
बरण्यांची टोपली उचलून ती निघाली.

फॉर्मवर छापलेलं असतं: सज्ञान / अज्ञान.
नको तो शब्द खोडावा.
माझं पेन बराच वेळ
दोन्ही शब्दांच्या वर होतं.

जिन्यात तो तिच्या मागं, दोन पायऱ्या सोडून.
बाई त्याच्या मागं.
खालच्या खांबावर दर पुराच्या रेघा मारल्यात, शेजारी नावं.
ती थांबली नाही. तो थांबला.

त्या पाण्याची रेघ
त्याच्या हनुवटीला लागते.